कोरडे कान

माझा भाऊ घरी परत आला तेव्हा मी त्याला भाकरी देऊन वाटेला लावणार होतो. अंगाला विटकरी रंगाचं वस्त्र गुंडाळलेलं, डोकं तासलेलं, पाय अनवाणी, खांद्याला एक काळं भांडं लटकवलेलं. गोसावी-बैरागी आमच्या वाडीवर सहसा येत नाहीत. वेल्ह्यातून निघालं की दोन तास चढ चढायचा आणि वर काय, तर नाचणीची भाकरी. एवढा खटाटोप कोण करतो? हा वाट चुकलेला दिसतोय असं समजून मी पुढे झालो, तर तो म्हणाला, "दादा, आये हाय का?"

एकतीस साली नसरापूरच्या बाजाराला तीन शेरडं घेऊन गेला होता कुंडलिक. आता बेचाळीसचा उन्हाळा चालू होता. मधल्या अकरा वर्षांत एकच पत्र, तेही रंगूनहून, 'मी खुशाल आहे' एवढंच लिहिलेलं. वाडीत चौथीपर्यंत शिकलेला मी एकटा, म्हणून ते आईला मीच वाचून दाखवलं, आणि पुढची कित्येक वर्षं दर अमावास्येला पुन्हा पुन्हा वाचून दाखवलं. कागदाच्या घड्या फाटल्या तरी तिचं ऐकून संपेना.

"हाय," मी म्हणालो. "कशी हाय ते आत जाऊन बघ."

मी चिडलो होतो हे कशाला लपवू? घरी राहिलो तो मी. म्हशी आणि शेरडं मी राखली, बापाला खांदा मी दिला. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला तेव्हा तिचा हात धरून तिला बाहेर नेलं-आणलं ते माझ्या बायकोने, सारजाने. आणि अकरा वर्षं आईच्या तोंडी नाव कुणाचं, तर कुंडल्याचं.

तो गेला त्याच वर्षी आई वाघजाईला नवस बोलली होती. पोरगा परत आला तर बोकड देईन, आणि नवस फिटेपर्यंत मटणाला तोंड लावणार नाही. धनगराच्या घरात हे सोपं नाही. सण असो, लग्न असो, कुणाचं जनावर कड्यावरून पडो, चुलीवर रस्सा चढतोच. आई आपली कोपऱ्यात बसून मीठ-भाकर खायची आणि वर आम्हालाच विचारायची, रश्श्याला तिखट बरं झालंय का म्हणून. मी मान खाली घालून जेवायचो.

नवसाचा पहिला बोकड बिबट्याने नेला, दुसऱ्याला पान लागलं, साप चावून मेला. आता होता तो तिसरा. सगळे त्याला नवशाच म्हणायचे. आमच्या प्रत्येक शेरडाच्या कानाला खूण कापलेली असते, पण नवसाच्या बोकडाचे कान तसेच ठेवायचे, अखंड. डोळे गेल्यावरही आई चाचपून ते लांब कान बरोबर ओळखायची आणि आपल्या भाकरीतला तुकडा त्याला चारायची.

त्या साली होळीपासून ती खंगत चालली. दूध पचेना, भाकरी गिळवेना. भोरच्या एका वैद्यांना मी घोड्यावर बसवून वर आणलं. नाडी बघून ते म्हणाले, अंगात रक्त उरलेलं नाही, बोकडाच्या पायांचा रस्सा रोज पोटात गेला पाहिजे, नाहीतर हा पावसाळा निघणार नाही. आई म्हणाली, "नवस फिटला की खाईन." मी हात जोडले, सारजा रडली, पण म्हातारी हटली नाही.

म्हणून कुंडलिक उंबऱ्यात उभा राहिला तेव्हा माझ्या रागाच्या पोटात आनंदही होता. आता बोकड देऊ, नवस फिटेल, आई रस्सा पिईल. आई वाचली, असंच मी धरून चाललो.

आई त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिली. तासलेल्या डोक्यावर येऊन तिचा हात थांबला. "क्यास कुठं गेलं रं? कुनी मेलं का?"

"कुनी न्हाई, आये," तो म्हणाला. मग त्याने सगळं सांगितलं. रंगूनच्या गोदीत हमाली केली, पटकी झाली, बरोबरचे लोक त्याला टाकून पळाले. तिथल्या विहारातल्या भिक्षूंनी उचलून नेला आणि महिनाभर घाण काढली. बरा झाल्यावर तो तिथेच राहिला, बुद्धाची दीक्षा घेतली. यंदा जपान्यांचे बॉम्ब पडायला लागले आणि हजारो माणसं डोंगर तुडवत हिंदुस्थानाकडे निघाली, त्यांत तोही चालत आला. वाटेत माणसं कशी मेली ते तो सांगायला लागला आणि मध्येच खांद्यावरचं भांडं काढून पुसायला लागला.

वाडी गोळा झाली होती. वाघजाईचा पुजारी कोंडिबा, आमच्यात सगळ्यांत वडीलधारा, तो म्हणाला, "बुद्ध म्हंजी आपल्या दशावतारातला नववा न्हवं का? मग आपलाच की. उद्या सकाळी बोकड दिऊ. " मग आईकडे वळून, "साळूवैनी, सुटलीस बग."

आणि इथे घोडं अडलं.

आमच्या वाडीची रीत अशी, की नवसाच्या बोकडाचा पहिला घास ज्याच्यासाठी नवस बोलला त्याने खायचा. दुसरा बोलणाऱ्याने. मग वाडीने. पहिला घास पोटात गेला नाही तर नवस फिटत नाही. कोंडिबाने हे सांगितलं तेव्हा कुंडलिक खाली बघत म्हणाला, "मला खाता यायचं न्हाई."

लोक पांगल्यावर मी त्याला गोठ्यामागे गाठलं. "मटन खात न्हाईस व्हय?"

"पात्रात पडंल ते खातो, दादा. कुनाच्या घरी शिजलेलं असंल आनि त्यातलं वाढलं, तर मटन बी खातो. पन माझ्यासाठी मारलेलं न्हाई. मारताना बघितलं, मारलं म्हनून ऐकलं, नुसता संशय आला, तरी न्हाई."

"म्हंजी दुसऱ्यासाठी मारलं की चालतं. लई सोयीचा धर्म हाय की तुझा!"

"सोयीचा न्हाई. माझ्यापायी कुनाचा जीव जाऊ ने, एवढंच हाय त्यात."

"तुझ्यापायी आयेचा जीव चाललाय, त्याचं काय?"

त्याने नजर खाली वळवली. त्याच्या पायांच्या भेगांत रक्त सुकलेलं दिसत होतं. मी तरी कुठे थांबतोय? वैद्य काय म्हणाले ते सांगितलं, अकरा वर्षांची मीठ-भाकर सांगितली. म्हणालो, "एक घास. चिमनीएवढा. थुकून टाक मागनं. तुझ्या बुद्धाला कोन सांगाय चाललंय?" शेवटी तो म्हणाला, "उद्या बोकडावर पानी म्या घालतो. म्होरचं म्होरं बघू." मला वाटलं, विरघळला. मी जाऊन कोयत्याला धार लावली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच देवळापुढे सगळी वाडी जमली. देऊळ म्हणजे काय, आंब्याखालचे शेंदूर लावलेले तीन दगड. आईला घोंगडीत बसवून चौघांनी आणली. सारजाने तिकडे घरी मसाला वाटून ठेवला होता, चूल पेटवली होती. घाई होती, कारण कुंडलिकचा आणखी एक नियम कळला होता. सूर्य डोक्यावर आला की पुढे तो दिवसभर अन्न घेत नाही. म्हणजे मध्यान्हीच्या आत बोकड कापून, शिजवून, घास त्याच्या तोंडात पडायला हवा होता. मी सारखा वर बघत होतो.

बोकड कापण्याआधी त्याच्यावर पाणी घालतात. बोकडाने अंग झाडलं, तर देवीने घेतला. नाही झाडलं तर पुन्हा पाणी. असं तीनदा. तीनदा झाडलं नाही तर देवीने नाकारला. मग तो बोकड देवीच्या नावाने सोडून द्यायचा, त्याला पुन्हा कुणी कोयता लावायचा नाही. आणि देवीने एकदा नाकारलेला नवस दुसरा बोकड आणून फेडता येत नाही. तो जन्मभर अंगावर राहतो. हे आईला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि या वाडीत जन्मलेल्या कुंडलिकलाही ठाऊक होतं.

दोरी मी धरली होती, बोकडाच्या तोंडाशी. कुंडलिक तांब्या घेऊन पुढे आला. डावा हात त्याने नवशाच्या मानेवर ठेवला, बोटं केसांत घातली आणि हलके खाजवलं. मग मानेमागून शेपटीपर्यंत पाठीवर पाण्याची बारीक धार धरली. उन्हाळ्याचे दिवस, जनावराला बरंच वाटलं असणार. नवशाने डोळे मिटले. अंग झाडलं नाही.

मी लगेच ओळखलं. शेरडं राखणाऱ्या कुणीही ओळखलं असतं. पाठीवर पाणी पडून शेरडू हलत नाही. ते हलतं कानात पाणी गेलं की. नवसाचं पाणी घालणारा प्रत्येक जण दोन थेंब कानात जातील असंच घालतो. त्याला फसवणूक म्हणत नाहीत, ती रीतच आहे. कुंडलिक सहा वर्षांचा असल्यापासून शेरडांत वाढलेला. त्याने धार कानाच्या मागून धरली होती आणि दोन्ही कान कोरडे ठणठणीत होते. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. बाकीचे लांब उभे होते, त्यांना दिसलं नाही.

मी बोललो नाही. का बोललो नाही, ते शेवटी सांगतो.

"पुन्यांदा घाल," कोंडिबा म्हणाला.

पुन्हा पाठीवर धार, पुन्हा मानेवर हात. नवशा उभ्या उभ्या रवंथ करायला लागला. बायकांत कुजबूज सुरू झाली. घोंगडीवरून आईचा आवाज आला, "काय झालं? झाडलं का? भिमा, झाडलं का रं?"

"न्हाई, आये," मी म्हणालो.

तिचा चेहरा पांढरा पडला. ओठ हलत होते, वाघजाईचं नाव घेत होती. "माझं काय चुकलं गं बाय," ती म्हणत होती, "म्या तर येक घास खाल्ला न्हाई." हे ऐकून कुंडलिकच्या तांब्यातलं पाणी त्याच्याच पायावर सांडलं. आता एकच वेळ उरली होती.

"थांबा," आई म्हणाली. "मला बोकडापाशी न्या."

सारजाने तिला धरून आणली. आईने हात पुढे केला. आधी पाठ चाचपली, ती ओली होती. मग मान. मग तिची बोटं वर सरकली आणि नवशाच्या कानावर थांबली. तिने कानात बोट घातलं. मग दुसऱ्या कानात.

"कुंडल्या," ती म्हणाली, मोठ्याने नाही, पण सगळ्यांनी ऐकलं. "कान कोरडं हायत."

त्याने तांब्या खाली ठेवला.

"इसरलास का मुद्दाम केलंस?"

तो खोटं बोलू शकला असता. अकरा वर्षांत रीत विसरलो म्हणाला असता तर सगळ्यांनी मान्य केलं असतं. तो म्हणाला, "मुद्दाम केलं, आये. हात कानाकडं जाईना."

मग जो गलका झाला! कोंडिबा ओरडला, "देवीला फशिवतो? वाडीवर कोप झाला तर कुनी निस्तरायचा?" कुणी म्हणालं, त्याला वाडीबाहेर काढा. दोघे तिघे अंगावर आले. मी दोरी धरून तसाच उभा. कुंडलिक आईसमोर मातीत गुडघे टेकून बसला. "आये, लबाडी केली म्या. येक जीव वाचवाय गेलो आनि तुला भ्या घातलं. त्या वाटंनं येताना लई मेलेलं बघितलंय गं, आनखी बघवंना. पन तू म्हन, म्या खातो. हे चीवर उतरवून ठिवतो. मग म्या भिक्षू न्हाई, मग मला कसला नेम बी न्हाई. तू म्हन."

आणि त्याने खरंच खांद्यावरचं ते विटकरी वस्त्र सोडायला सुरुवात केली. त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. मी मनात म्हणत होतो, हो म्हण, आये, हो म्हण. सूर्य अजून वर यायचा होता. चूल पेटलेली होती. वेळ होती.

आईने हात चाचपडत नेला आणि त्याचं वस्त्र धरलं. "किती वर्सं नेसलास ह्ये?"

"सात."

"सात वर्सं." तिला बोलायलाही धाप लागत होती. "म्या अकरा वर्सं मटन सोडलं. भिमाच्या लग्नात सोडलं. अंगात ताप असताना सोडलं. नेम धरल्यावर तो पाळताना काय व्हतं ते मला कुनी शिकवाय नगं. तुझा मोडून माझा फेडू व्हय? वस्त्र घे वर."

"वैनी, यडी झालीस का?" कोंडिबा म्हणाला. "ह्यो नवस गेला तर पुन्यांदा न्हाई. तुला वैद्यानं—"

"ठावं हाय. तिसरं पानी कुनी घालायचं, नवस बोलनारनीनं घातलं तर चालतं का न्हाई?"

कोंडिबाने मान डोलावली. चालतं.

आईने तांब्या मागितला. सारजा तिला धरून होती, ती माझ्याकडे बघत होती, मी काहीतरी करीन म्हणून. आईने डाव्या हाताने नवशाचा कान धरला आणि अलगद खाली मुडपला, पाणी चुकूनही आत जाऊ नये म्हणून. मग पाठीवर धार धरली. तांब्या रिकामा होईपर्यंत. नवशाने डोळे मिटून घेतले.

"न्हाई झाडलं," ती म्हणाली. "वाघजाईला नगं. सोडा त्याला."

मी दोरी सोडली. नवशा दोन पावलं गेला आणि आंब्याखालची पडलेली पानं खायला लागला. त्याला काय त्याचं?

त्यानंतर कुंडलिक तीनेक महिने राहिला. वाडी त्याच्यावर चिडलेली होती, तरी तो रोज सकाळी भांडं घेऊन दारोदार उभा राहायचा आणि हळूहळू बायका त्यात काहीबाही टाकायला लागल्या. ते आणून तो आईपुढे बसायचा. तिने दोन घास गिळले तर गिळले. आईला तो उचलून घ्यायचा, धुवायचा, रंगूनला भिक्षूंनी त्याचं केलं तसं सगळं करायचा. मला राग धरायलाही जागा ठेवली नाही त्याने. वैद्यांचा शब्द मात्र खरा झाला. श्रावणात, शुद्ध पक्षात, आई गेली. रश्श्याचा थेंब तिच्या ओठाला लागला नाही.

जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी तिच्याजवळ मी एकटाच होतो. ती म्हणाली, "भिमा, दोरी तुझ्या हातात व्हती न्हवं?"

"व्हय, आये."

"म्हंजी तुला पैल्या पान्यालाच दिसलं असनार."

मी तिच्या अंगावरची घोंगडी सारखी केली. तिने माझा हात थोपटला आणि म्हणाली, "असूं दे."

आता सांगतो. बोकडाचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं. शेरडाला अंग झाडायला पाणीच लागतं असं नाही. कानात फुंकर घातली तरी ते झाडतं. हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पहिल्या पाण्याला कान कोरडे बघितले तेव्हाच मी छाती भरून श्वास घेतला होता. एक फुंकर. कुणाला दिसली नसती. देवीने बोकड घेतला असता. एकदा मान तुटल्यावर कुंडलिकने घास खाल्ला असता की नसता, कोण जाणे. पण आईच्या जिवासाठी तेवढी एकच वाट होती आणि ती माझ्या तोंडाशी होती.

आणि तेव्हा मी त्याची बोटं बघितली, नवशाच्या मानेवरच्या केसांतली. लहानपणी करडाला थंडी वाजली की तो असाच खाजवत बसायचा. अकरा वर्षं मी त्याच्यावर राग धरून होतो आणि नेमकी त्या वेळी मला त्याची दया आली. मी तोंड वळवलं आणि श्वास बाजूला सोडून दिला. तीनही वेळा.

तेराव्यानंतर कुंडलिक गेला. पुढे त्याचं पत्र आलं नाही. आईने मला माफ केलं, पण माझ्याच्याने स्वतःला माफ करवत नाही.

नवशा आहे अजून. म्हातारा झालाय, दात पडलेत, देवीचा म्हणून वाडीत कुणाच्याही दारात खातो. संध्याकाळी तो आमच्या अंगणात येतो. सारजा आत असली, आसपास कुणी नसलं, की मी त्याच्याजवळ बसतो, त्याचा तो लांब अखंड कान धरतो आणि आत हलकी फुंकर घालतो. तो लगेच अंग झाडतो. दर वेळी.